पाच-वीस-चौदा

आमच्या बिल्डिंगच्या आवारात १९७७ सालची एक पद्मिनी उभी असते. ‘उभी असते’ हे मी जपून लिहितो आहे, कारण ‘चालते’ म्हटले की आमची ही स्वयंपाकघरातून खोकते. पण चालते. महिन्यातून दोनतीन रविवार चालते, वर्षातून एकदा जेजुरीला जाते आणि मधल्या काळात मांजरांना सावली देते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती नंबर लावून घेतली. हल्ली सकाळी शोरूम बघून संध्याकाळी पेढे वाटणाऱ्यांना ‘नंबर लावणे’ म्हणजे काय हे सांगून पटत नाही. मी चौथीत असताना भरलेल्या अर्जाची गाडी मी नववीत असताना दारात आली. अर्ज फियाटचा केला होता, आली पद्मिनी. मुलगी बघायला गेलो तेव्हा नाव एक होते, बोहल्यावर उभी राहिली तेव्हा दुसरे. मुलगी मात्र तीच.

तर ह्या पद्मिनीच्या टायरांवरून मला आज भांडायचे आहे. कुणाशी? ‘थोडा जाड घाला हो, काय होतंय!’ असे म्हणणाऱ्या तमाम मंडळींशी. ही मंडळी सर्वत्र असतात. पेट्रोल पंपावर असतात, लग्नात पंगतीला शेजारी असतात, काही तर घरातलीच असतात. दुसऱ्याच्या गाडीला कुठला टायर घालावा ह्याविषयी त्यांची मते ठाम असतात आणि त्या मतांचा टायरशी काडीचाही संबंध नसतो. जाड म्हणजे भक्कम, भक्कम म्हणजे रुबाबदार, आणि रुबाब म्हटला की खर्चाचा विचार करायचा नाही, एवढीच त्यांची यंत्रविद्या.

मी स्वतः ह्या मंडळींच्या नादाला लागलो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढे मला कुणी आडवे यायला नको.

झाले असे की २०२२ साली गाडीचे आर. टी. ओ.त पासिंग होते. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीला दर पाच वर्षांनी ही परीक्षा द्यावी लागते, आणि आमच्या टायरांना तर भेगा पडल्या होत्या. म्हणून एका चकचकीत टायरच्या दुकानात गेलो. बरोबर आमचे मेहुणे होते. त्यांच्याकडे ट्रॅक्टरची चाके लावल्यासारखी दिसणारी एक उंच गाडी आहे, त्यामुळे टायर ह्या विषयातला त्यांचा अधिकार आमच्या सासुरवाडीत मान्य आहे.

मी दुकानातल्या मुलाला म्हटले, ‘‘पाच-वीस-चौदा आहे का?’’

त्याने माझ्याकडे, ‘पावशेर रॉकेल आहे का’ असे विचारल्यासारखे बघितले. ‘‘काका, तो साइज आता म्युझियममधे.’’

‘‘मग ह्यांना एकशे पंच्याऐंशी-साठ दे,’’ मेहुणे म्हणाले. ‘‘दाजी, गाडी कशी भरल्यासारखी दिसेल बघा. आत्ता सायकलची चाकं लावल्यासारखी दिसते.’’

अपमान सहन होतो, उपमा सहन होत नाही. मी चार टायर घातले.

आता हे आकडे काय आहेत ते सांगतो, कारण सगळी फसवणूक ह्या आकड्यांच्या गर्दीतच होते. जुन्या टायरच्या कडेवर ५.२०-१४ असे उठवलेले असायचे. टायरची रुंदी पाच पूर्णांक वीस शतांश इंच, आणि रिमचा व्यास चौदा इंच. संपले. टायरची उंची लिहायची पद्धतच नव्हती, कारण ती रुंदीच्या जवळपास असायची, किंचित कमी. नव्या टायरवर १८५/६० आर १४ असे लिहितात. पैकी १८५ म्हणजे रुंदी, पण ती मिलिमीटरमधे. ६० म्हणजे उंची, पण ती रुंदीच्या टक्केवारीत. आर म्हणजे रेडियल. आणि १४ म्हणजे पुन्हा इंच! एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. एखाद्या माणसाने पगार रुपयांत सांगावा, घरभाडे पगाराच्या टक्क्यांत सांगावे आणि वाण्याचे बिल पायलीत सांगावे, तसला प्रकार. गिऱ्हाइकाला ह्यातले शेवटचे ‘चौदा’ तेवढे ओळखीचे वाटते आणि तो निर्धास्त होतो. मीही झालो. रिम चौदाची, टायर चौदाचा. पत्रिका जुळली.

पहिल्या दिवशी गाडी खरेच भरल्यासारखी दिसली. शेजाऱ्यांनी गॅलरीतून खाली वाकून बघितले. मी उगाचच अप्पा बळवंत चौकातून चक्कर मारली. स्टिअरिंग जरा जड लागत होते. जरा म्हणजे, घट्ट मळलेली भाकरीची कणीक हाताने वळावी इतके. ह्या गाडीला पॉवर स्टिअरिंग वगैरे काही नाही, जी काय पॉवर आहे ती आपल्या दंडात. गाडी लावताना मी घामाघूम झालो आणि ‘चला, व्यायाम झाला’ म्हणून समाधान मानले. आवाराच्या दारातल्या गतिरोधकावर सायलेन्सर घासला. पंचेचाळीस वर्षांत तो कधी घासला नव्हता. मी म्हटले, सोसायटीने गतिरोधक वाढवलेला दिसतोय, आणि सेक्रेटरींना एक कडक पत्र लिहिले.

ॲव्हरेज मात्र वाढले! ह्याची नोंद माझ्याकडे आहे. अण्णांची एक लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. गाडी आल्या दिवसापासून भरलेला प्रत्येक लिटर, मीटरवरचा आकडा, हवेचा दाब, दिलेले पैसे, सगळे त्यात आहे. अण्णा गेल्यावर ती वही मी पुढे चालवली. गाडीपेक्षाही त्या वहीचे मला अधिक दडपण वाटते. तर वहीप्रमाणे आमची पद्मिनी वर्षानुवर्षे लिटरला बारा किलोमीटर देत आली होती. जाड टायर घातल्यावर पहिल्याच टाकीत आकडा आला बारा पूर्णांक चार! मी तो लाल शाईने लिहिला, त्याला चौकट केली आणि मेहुण्यांना फोन करून आभार मानले. ह्या आभारांची आठवण झाली की मला अजून कानकोंडे होते.

मग श्रावणात जेजुरी. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत भंडारा, नारळ आणि हिचा डबा. जेजुरीला पोचल्यावर मी सवयीने मीटर बघितला. घरापासून जेजुरी हे अंतर वहीत तीसेक वेळा लिहिलेले आहे आणि ते दर वेळी सारखे आले आहे. ह्या वेळी ते अडीच किलोमीटर जास्त आले. रस्ता तोच होता. खंडोबा सरकला असण्याची शक्यता कमी. पण देवदर्शनाच्या घाईत मी तो प्रश्न तसाच सोडला.

परतताना दिवे घाटात पाऊस लागला. एका वळणावर मी स्टिअरिंग वळवत आणले आणि नेमके त्याच वेळी पुढचे चाक खड्ड्यात गेले. गाडी खाली बसली, आणि मडगार्डच्या आतून कोणीतरी पत्र्यावर कानस ओढल्यासारखा आवाज आला. स्टिअरिंग जागच्या जागी थांबले. क्षणभर, फार तर दोन क्षण. पण घाटात दोन क्षणांत गाडी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाते. समोरून एस. टी. येत होती.

मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. चारही चाकांना ड्रम ब्रेक, ओला रस्ता, गाडी शांतपणे घसरत राहिली. थांबवली ती एस. टी.च्या ड्रायव्हरने, म्हणजे त्याची स्वतःची. आमच्या बंपरमधे आणि त्याच्या बंपरमधे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी जागा उरली. त्याने खिडकीतून डोके बाहेर काढले आणि माझ्याशी, माझ्या वयाचा मान राखून, चार वाक्ये बोलला. ती इथे देता येत नाहीत. मागच्या सीटवर आई होती. वय वर्षे शहाऐंशी. ती काही बोलली नाही. घरी येईपर्यंत तिने पुढची सीट हाताने घट्ट धरून ठेवली होती, एवढेच मी आरशात बघत होतो.

दुसऱ्या दिवशी गाडी नाना पेठेतल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. ह्यांनी अण्णांच्या हयातीत दोनदा इंजिन उतरवलेले. त्यांनी पुढच्या चाकापाशी बसून टायरच्या कडेवरून हात फिरवला. जिथे टायर मडगार्डच्या कडेला घासला होता तिथे विळीवर धरल्यासारखा चरा गेला होता.

‘‘हे कुणी घातलं?’’ मिस्त्री म्हणाले.

‘‘मीच,’’ मी म्हटले. मेहुण्यांचे नाव घेण्याइतका मी पडलेला नाही.

मिस्त्रींनी डिकीतून स्टेपनी काढली. ती अजून जुनीच होती, ५.२०-१४, नायलॉनची. (स्टेपनी हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो वेल्समधल्या लॅनेथ्ली गावातल्या एका रस्त्याच्या नावावरून आला हे सांगितले तर मिस्त्री माझ्यावरच संशय घेतील. तिथे जादा चाक तयार करणारांचा कारखाना त्या रस्त्यावर होता. साहेब तो शब्द विसरला, आपण सांभाळून ठेवला.) मिस्त्रींनी दोन्ही चाके शेजारी उभी केली आणि दोन्हींवर एक पट्टी आडवी ठेवली. पट्टी माझ्या जाड टायरकडे उतरती झाली. खडूने खूण करून दोन्ही चाके जमिनीवर एकेक फेरी फिरवली. जाड टायर जुन्यापेक्षा जवळजवळ नऊ सेंटिमीटर अलीकडे थांबला.

हा खरा घोळ. एकशे पंच्याऐंशीचे साठ टक्के म्हणजे एकशे अकरा. माझा रुबाबदार टायर अकरा सेंटिमीटर उंच होता, आणि ज्याला मेहुणे सायकलचे चाक म्हणाले तो टायर साडेबारा. म्हणजे मी पाच सेंटिमीटर रुंदी विकत घेतली आणि दीड सेंटिमीटर उंची गमावली. रुंदीने मडगार्ड गाठले, उंची गेल्याने गाडी खाली आली आणि सायलेन्सर घासला. सेक्रेटरींची मला माफी मागावी लागली. आणि मीटर? मीटर बिचारा चाकाच्या फेऱ्या मोजतो. किलोमीटर म्हणजे काय ते त्याला ठाऊक नाही. चाक लहान झाले की एका किलोमीटरला पंचवीसेक फेऱ्या जास्त पडतात, आणि तो त्या इमानाने अंतर म्हणून मांडतो. साठचा वेग दाखवतो तेव्हा गाडी सत्तावन्नने जात असते. जेजुरी अडीच किलोमीटर लांब गेली ती अशी. आणि ते बारा पूर्णांक चार? हिशेब सरळ केला तर अकरा पूर्णांक आठ. ॲव्हरेज वाढले नव्हते, घटले होते. अण्णांच्या वहीत पंचेचाळीस वर्षांत पहिली खोटी नोंद मी केली होती, आणि वर तिला चौकट काढली होती.

जाडवाद्यांचा पहिला मुद्दा असा की रुंद टायर रस्ता जास्त पकडतो. पकडत असेल, भारी गाडीत, मोठ्या इंजिनात, सुक्या रस्त्यावर. १०८९ सी. सी.च्या हलक्या गाडीचे वजन रुंद टायरवर पसरते आणि प्रत्येक इंचावर कमी पडते. रस्त्यावर पाणी साचले असेल तर असा टायर पाणी कापत नाही, त्याच्यावर तरंगायला बघतो. पोळी पाण्यावर टाकून बघा आणि शेवई टाकून बघा. आणि मुंबईच्या टॅक्स्या आठवा. त्यातली शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली. तोवर ह्याच गाडीने, आत पाच माणसे आणि टपावर ट्रंका-वळकट्या घेऊन, दादरच्या पावसात काय कमी दिवस काढले? त्या टॅक्सीवाल्यांना रुबाबाची हौस नव्हती असे नाही. आतले आरसे, झालरी आणि पंख्याची आरास बघा. पण टायरच्या बाबतीत ते शहाणे होते, कारण संध्याकाळी पेट्रोलचा हिशेब त्यांना स्वतःला द्यावा लागे.

दुसरा मुद्दा : रेडियल चांगला. ह्यावर माझे भांडणच नाही. मिशेलिन कंपनीने १९४६ साली त्याचे पेटंट घेतले आणि १९४९ साली तो बाजारात आणला, तेव्हापासून तो चांगलाच आहे. रस्ता धरतो, जास्त टिकतो. जरूर घाला. पण घालायचा तर पाचही घाला, स्टेपनीसकट. काही काटकसरी लोक पुढे दोन नवे रेडियल घालतात आणि मागे जुने नायलॉन ठेवतात. हा तर सरळ जीवघेणा प्रकार. पुढची चाके रस्ता धरून बसतात, मागची आधी सुटतात आणि वळणावर गाडी शेपटीकडून फिरते. एकाच आसावर एकीकडे हा आणि एकीकडे तो, हे तर बोलूच नका. मी स्वतः चार रेडियल आणि नायलॉनची स्टेपनी घेऊन घाट उतरत होतो. घाटात पंक्चर झाले असते तर काय झाले असते, ह्याचा मी अजून पूर्ण विचार केलेला नाही. करणारही नाही.

तिसरे ते ट्यूबलेसवाले. ‘‘ट्यूब कशाला काका, जुना जमाना गेला!’’ जमाना गेला असेल, रिम गेलेली नाही. नव्या रिमला आतून एक उंचवटा असतो, टायरची कड तिथे अडून राहावी म्हणून. आमच्या रिमला तो नाही. हवा कमी झाली आणि गाडी वळली की कड आत सरकू शकते, आणि ट्यूब नसली की उरलेली हवाही तत्काळ निरोप घेते. म्हणून जुन्या रिमवर ट्यूब, तीही रेडियलची, त्याच मापाची.

ह्याउलट एक पंथ आहे तो अतिशुद्धांचा. आमच्यासारख्या पोळलेल्या माणसाला हे लोक गाठतात. मला एकाने खरोखरीचे ५.२०-१४ दाखवले. ‘‘नवेकोरे. एकदाही रस्त्याला लागलेले नाहीत!’’ मी हरखलो. मग मिस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे कडेवरचा तारखेचा आकडा शोधला. २००० सालापासून टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे होते ३४०९. म्हणजे २००९ सालचा चौतिसावा आठवडा! तेरा वर्षे माळ्यावर बसून रबराचे लाकूड झाले होते. नख रुतत नव्हते. ‘रस्त्याला लागलेले नाहीत’ ही शिफारस मला एखाद्या पन्नाशीच्या उपवराची आठवण करून गेली, पण उपवर निदान ब्रेक लावताना फाटत नाही.

आणि रॅलीतल्या श्रीमंत शौकिनांबद्दल तर न बोललेलेच बरे. पण बोलतो. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले, आणि त्यात गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी असे स्वच्छ म्हटले. आमची पद्मिनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर आली म्हणून मी एका रॅलीत बघायला गेलो. बॉनेटवर चेहरा दिसेल असे पॉलिश, सीटला परदेशी कातडे, आणि खाली अलॉय व्हील्सवर फुगलेले जाड टायर! नऊवारी, नथ, चंद्रकोर आणि पायात फुटबॉलचे बूट. मालक अभिमानाने सांगत होते की ही गाडी त्यांच्या आजोबांची. आजोबांनी पाय ओळखले नसते.

मग आम्ही केले काय? मिस्त्री आणि मी एक दुपार पाटीपेन्सिल घेऊन बसलो. जुन्याची उंची साडेबारा. १४५/८० ची उंची साडेअकरापर्यंत, नापास. १६५/८० ची सव्वातेरापर्यंत, चालेल, पण परत रुंदी वाढते आणि मडगार्डची आठवण ताजी होती. १५५/८० : एकशे पंचावन्नचे ऐंशी टक्के, एकशे चोवीस. साडेबाराला एक मिलिमीटर कमी. ‘‘हाच जावई,’’ मिस्त्री म्हणाले. रिमची रुंदी कंपनीच्या तक्त्यात बघितली, तीही बसली. दुकानात तयार नव्हते, मागवावे लागले. पाच टायर, पाच ट्यूबा. मेहुण्यांचे चार टायर मी निम्म्या किमतीला विकले. घेणाऱ्याची गाडी नवी होती आणि तिला ते मापाचे होते, हे विचारून घेतले.

पुढच्या श्रावणात पुन्हा जेजुरी. आईने येणार नाही म्हणून सांगितले होते, मग निघताना स्वतःच पिशवी घेऊन गाडीत येऊन बसली. खंडोबा आपल्या मूळ जागी परत आला होता.

वही दुरुस्त केली. खोट्या नोंदी अकरा निघाल्या. प्रत्येकीवर रेघ मारून शेजारी खरा आकडा लिहिला. ती लाल चौकट काही खोडता आली नाही, कागद फाटायला लागला. ते करताना मागची पाने चाळली गेली. १९८४ च्या जूनमधे अण्णांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती : ‘टायर ४ बदलले. दुकानदार मोठे घ्या म्हणाला. नको म्हटले.’ पुढे किंमत लिहिली आहे, पण तिच्यावर चहाचा डाग आहे.